चाळिशीनंतर सॉलिसिटर व्हायचंय? इंग्लंडमध्ये ट्रेनीच्या जागेसाठी अर्ज करताना

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी वयाची कमाल मर्यादा नाही. भरती करताना केवळ वय पाहून उमेदवाराला डावललं आणि त्याचं सबळ समर्थन देता आलं नाही, तर २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली तो भेदभाव ठरतो. तरीही चाळिशी-पन्नाशीतले अनेक चांगले उमेदवार पहिल्याच चाळणीत बाहेर पडतात. अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला बसून मी हे बरीच वर्षं पाहते आहे, आणि माझ्या मते यातल्या बहुतेकांना वय नडत नाही. त्यांचा अर्ज बावीस वर्षांच्या मुलासारखा लिहिलेला असतो, आणि ज्या फर्मला त्यांच्या अनुभवाचा उपयोग नाही तिथेच तो पाठवलेला असतो.

हा लेख इथे राहणाऱ्या त्या मराठी मंडळींसाठी आहे, जी जोडीदाराच्या नोकरीमुळे आली, आयटीत किंवा बँकेत रुळली, मुलं मोठी झाली आणि आता कायद्याकडे वळू पाहताहेत. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे तिथल्यांनी यावर विसंबू नये.

आधी तुमचा रस्ता कोणता ते पाहा

सप्टेंबर २०२१ पासून नवा रस्ता सुरू झाला. सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी, म्हणजे एसआरए, चार गोष्टी मागते: कोणत्याही विषयातली पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण, एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) या परीक्षेचे दोन्ही टप्पे, दोन वर्षांचा पात्र कामाचा अनुभव, आणि चारित्र्याची तपासणी. पदवी कायद्याची असलीच पाहिजे असं नाही. बी.कॉम., बी.एस्सी., बी.ई. झालेल्यांनाही दार उघडं आहे.

एसक्यूईच्या पहिल्या टप्प्यात दोन पेपर असतात आणि प्रत्येकात १८० बहुपर्यायी प्रश्न. उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घोटाळत असतं, तेव्हा नोकरी सांभाळून 'करून टाकू' म्हणण्यासारखी ही परीक्षा नाही. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष वकिली कामाचे नमुने असतात: अशिलाची मुलाखत, कोर्टापुढचं निवेदन, मसुदा, कायदेशीर संशोधन, पत्रलेखन. एकूण १६ कामं, त्यातली १२ लेखी आणि ४ तोंडी. प्रत्येक टप्प्याला सहा वर्षांच्या आत तीनच संधी मिळतात.

आता एक गोष्ट, जी भारतातून आलेल्या वकिलांना कुणी वेळेवर सांगत नाही. तुमच्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची किंवा भारतातल्या इतर कुठल्याही बार कौन्सिलची सनद असेल, तर एसआरएच्या लेखी तुम्ही आधीच पात्र वकील आहात. दोन वर्षांच्या अनुभवाची अट तुम्हाला लागू नाही. म्हणजे ट्रेनीची जागा मिळालीच पाहिजे असं नाही, परीक्षा आणि चारित्र्याची तपासणी पुरते. नुसतं एलएलबी केलं, सनद घेतली नाही, असं असेल तर मात्र तुमची पदवी चालेल पण अनुभव इथे मिळवावा लागेल. भारतात पंधरा वर्षं वकिली केलेली माणसं ट्रेनीच्या जागांसाठी झुरताना दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

ज्यांनी सप्टेंबर २०२१ च्या आधी इथे कायद्याचं शिक्षण सुरू केलं होतं, त्यांना जुन्या एलपीसीच्या (लीगल प्रॅक्टिस कोर्स) रस्त्यानेही २०३२ च्या अखेरपर्यंत पोहोचता येतं. अर्धवट सोडलेलं शिक्षण कपाटात पडलं असेल तर आधी ते तपासा.

घरात बसून हिशेब करा

नुसत्या परीक्षांची फी दोन्ही टप्पे मिळून ४,९०० पौंडांच्या घरात जाते आणि ती जवळपास दरवर्षी थोडी वाढते. तयारीच्या कोर्सचे पैसे वेगळे, तेही काही हजार. लंडनच्या मोठ्या फर्म ट्रेनीला पहिल्या वर्षी ५०,००० पौंडांच्या वर देतात आणि परीक्षेचा, कोर्सचा खर्चही उचलतात. गल्लीतल्या छोट्या फर्ममध्ये, ज्यांना इथे हायस्ट्रीट फर्म म्हणतात, पगार किमान वेतनाच्या थोडाच वर असू शकतो. सध्या ६५,००० कमावत असाल आणि घराचं मॉर्गेज चालू असेल, तर दोन-तीन वर्षं निम्म्या उत्पन्नात घर चालेल का, हा प्रश्न जोडीदाराबरोबर बसून अर्ज करण्याआधी सोडवा. मुलाखतीत तो विचारला जाण्याची शक्यता बरीच आहे.

कायद्याची पदवी नसलेल्यांसाठीचा, मास्टर्सच्या स्वरूपातला कायद्याचा रूपांतर अभ्यासक्रम घेतला तर इंग्लंडमध्ये पोस्टग्रॅज्युएट मास्टर्स लोन मिळू शकतं. अभ्यासक्रम सुरू होताना वय ६० च्या आत असावं लागतं, शिवाय वास्तव्याच्या अटी आहेत. पण तुमच्याकडे आधीच मास्टर्सची पदवी असेल, भारतातलं एम.कॉम. किंवा एम.बी.ए. धरून, तर हे कर्ज मिळत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते.

पदवीधरांसाठीची सॉलिसिटर अप्रेंटिसशिप वयाने मोठ्यांसाठी चांगला मार्ग होता. जानेवारी २०२६ पासून या स्तरावरच्या अप्रेंटिसशिपचा सरकारी निधी मुख्यतः १६ ते २१ वयोगटापुरता राहिला आहे. मालक स्वतःच्या खिशातून खर्च करायला तयार असेल तरच तो पर्याय धरा. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत अजून त्याची स्तुती दिसेल, ती वाचून बेत आखू नका.

व्हिसाचं थोडक्यात. ब्रिटिश नागरिक, कायम वास्तव्याचा परवाना असलेले आणि स्किल्ड वर्कर व्हिसाधारकाचे डिपेंडंट यांना स्पॉन्सरशिप लागत नाही. बाकीच्यांनी सरकारी संकेतस्थळावरच्या स्पॉन्सर नोंदवहीत फर्मचं नाव आहे का ते पाहूनच अर्ज भरावा. छोट्या फर्मकडे बहुधा परवाना नसतो.

कुठे अर्ज करायचा

सगळ्यात जास्त विचार इथे करा.

मोठ्या फर्म साधारण दोन वर्षं आधी भरती करतात. शरद ऋतूत अर्ज उघडतात, व्हेकेशन स्कीमच्या मुदती नोव्हेंबर ते जानेवारीच्या आसपास संपतात, थेट ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे फर्ममधल्या दोन वर्षांच्या ट्रेनीच्या जागेच्या, बऱ्याचदा उन्हाळ्यापर्यंत चालतात. व्हेकेशन स्कीम म्हणजे एक ते चार आठवडे फर्ममध्ये बसून काम करून दाखवणं, आणि अनेक फर्म आपले ट्रेनी त्यातूनच निवडतात. नोकरी करणाऱ्याला त्यासाठी वर्षाची रजा राखून ठेवावी लागते. अशा फर्मकडे जायचं असेल तर एसक्यूई स्वतःच्या पैशांनी आधी देऊन बसू नका. त्या खर्च करतात, आणि काहींना ट्रेनीने आपल्याच बॅचबरोबर परीक्षा द्यावी असं वाटतं.

वयाने मोठा उमेदवार मोठ्या फर्ममध्ये बसत नाही असं मुळीच नाही. औषधनिर्मितीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचा पेटंट विभागाला उपयोग असतो, विमा कंपनीतल्या दावे तपासनिसाचा विम्याच्या खटल्यांना, सिव्हिल इंजिनिअरचा बांधकामाच्या तंट्यांना. तुमच्या जुन्या क्षेत्रातली अशिलं त्या फर्मकडे आहेत का, एवढं पाहून पाच-सात फर्म निवडा. साठ ठिकाणी तोच अर्ज पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझा कल मात्र दुसऱ्या दाराकडे आहे. नव्या पद्धतीत दोन वर्षांचा अनुभव एकाच ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टमध्ये मिळवायची गरज उरलेली नाही. तो जास्तीत जास्त चार संस्थांमध्ये, पूर्णवेळ किंवा तेवढाच अर्धवेळ, पगारी किंवा बिनपगारी घेता येतो, परीक्षेच्या आधी किंवा नंतर. पॅरालीगलची, म्हणजे वकिलांच्या हाताखालच्या सहाय्यकाची नोकरी, कंपनीचा कायदा विभाग, गरजूंना कायदेशीर मदत देणारं लॉ सेंटर, सिटिझन्स ॲडव्हाइससारख्या संस्थेतलं देखरेखीखालचं काम हे सगळं चालू शकतं, आणि अनुभव किती जुना असावा यावरही बंधन नाही. अट एवढीच की कामातून सॉलिसिटरला लागणाऱ्या क्षमतांपैकी किमान दोन घडल्या पाहिजेत आणि इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने किंवा फर्मच्या कम्प्लायन्स ऑफिसरने (नियमपालन पाहणाऱ्या अधिकाऱ्याने) त्यावर सही केली पाहिजे.

ही सही लोक फार हलक्यात घेतात. पॅरालीगल म्हणून रुजू होण्यापूर्वीच विचारा: 'माझा अनुभव पात्र म्हणून तुम्ही प्रमाणित कराल का, आणि कोण करेल?' उत्तर ईमेलवर घ्या. मग दर आठवड्याला अर्धा तास बसून नोंद ठेवा. कोणती फाइल, अशिलाचं नाव न लिहिता, तुम्ही काय मसुदा केला, त्यात काय दुरुस्त होऊन आलं, त्यातून कोणती क्षमता दिसली. नोकरी सोडताना त्याच महिन्यात सही घ्या. सॉलिसिटर फर्म बदलतात, निवृत्त होतात, आणि तीन वर्षांनी त्यांना तुमची फाइल आठवत नाही.

शिवाय नगरपालिका, सरकारी लीगल डिपार्टमेंट आणि फौजदारी खटले चालवणारी क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस हेही ट्रेनी घेतात. सामाजिक कामाची ओढ असेल तर जस्टिस फर्स्ट फेलोशिप पाहा. लीगल एज्युकेशन फाउंडेशनची ही योजना २०१४ पासून सामाजिक न्यायाच्या क्षेत्रातल्या संस्थांमध्ये ट्रेनी घडवते आहे. हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो, लेस्टर अशा ठिकाणच्या इमिग्रेशन, घरखरेदी आणि कौटुंबिक कायद्याच्या छोट्या फर्मना हिंदी-गुजराती-मराठी बोलणारं, थोडं पोक्त माणूस हवंच असतं. घटस्फोटासाठी आलेली बाई मुलीच्या वयाच्या ट्रेनीपेक्षा पंचेचाळीस वर्षांच्या ट्रेनीपुढे पटकन मोकळी होते. या जागांची जाहिरात बरेचदा येतच नाही. सीव्ही घेऊन जावं लागतं, ओळखीतून विचारावं लागतं. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात किंवा तुमच्या गावच्या मंडळात गणपतीला येणाऱ्यांत एखादा सॉलिसिटर असतोच. त्याच्याकडे नोकरी मागू नका. 'तुमच्या विभागात सध्या काम कसं आहे?' असं विचारून वीस मिनिटं मागा.

कागद आधी गोळा करा

भारतातल्या विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो, म्हणून फॉर्म भरायला घेण्यापूर्वीच मागवा. परदेशी पदव्यांची इथल्या पदव्यांशी तुलना करणाऱ्या यूके एनिक या संस्थेचं तुल्यतेचं पत्र घ्या. फर्म 'टू-वन', म्हणजे इथल्या पदवीची वरची द्वितीय श्रेणी, मागते, आणि तुमच्या ५८ टक्क्यांचं काय करायचं हे फॉर्मला कळत नाही. ड्रॉपडाउनमध्ये जवळचं काही निवडून मोकळं होऊ नका. भरती विभागाला दोन ओळींचं ईमेल टाकून विचारा, ते उत्तर देतात. दहावी-बारावीचे गुणही मागतात, ते जसेच्या तसे लिहा.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना एक जास्तीचं काम असतं. मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधे वडिलांच्या जागी नवऱ्याचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद स्कॅन करून ठेवा आणि अर्जात आधीचं नाव स्पष्ट लिहा.

चारित्र्याच्या तपासणीत वय वाढलेल्यांकडे सांगण्यासारखं जास्त असू शकतं: जुनी दिवाळखोरी, काउंटी कोर्टाचा कर्जाचा निकाल, पोलिसांची ताकीद, भारतातला चेक न वटल्याचा खटला. लपवलेली गोष्ट बहुधा मूळ गोष्टीपेक्षा जास्त महागात पडते. शंका असेल तर एसआरएकडे आधीच मूल्यांकन मागता येतं. हजारो पौंड खर्च करण्यापूर्वी ते करून घ्या.

फॉर्म आणि सीव्ही

आपल्याकडच्या बायोडेटाची सवय मोडा. जन्मतारीख, फोटो, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव, यातलं काहीही सीव्हीवर नको. समान संधीचा वेगळा फॉर्म येतो, तो निवडीसाठी वापरत नाहीत आणि त्यात 'सांगू इच्छित नाही' हा पर्याय असतो. पण पदवीचं वर्ष विचारलं तर खरं लिहा. तारखा गाळून तरुण दिसण्याचा प्रयत्न वाचणाऱ्याला लगेच कळतो, आणि या व्यवसायात सचोटीबद्दल शंका परवडत नाही.

मुलांसाठी सहा वर्षं घरी होतात तर एका ओळीत तसं लिहा. सोबत शाळेच्या गव्हर्नर बोर्डावर बसलात किंवा आजारी सासूबाईंच्या पेन्शनचा पाठपुरावा केलात, तर दुसरी ओळ त्याची. माफी मागण्याचा सूर नको.

अनुभवाचा रकाना कसा भरायचा ते उदाहरणाने सांगते. समजा ठाण्याला बँकेच्या गृहकर्ज विभागात अकरा वर्षं काम केलेली एक उमेदवार आहे. फॉर्मवर इंग्रजीत जाईल, पण आशय असा असतो: 'मी मेहनती असून बारकाईने काम करते. ग्राहकांशी संवाद साधण्याचा मला दीर्घ अनुभव आहे.' हे वाक्य दिवसातून चाळीसदा वाचायला मिळतं.

तिनेच असं लिहिलं तर? 'एका फ्लॅटच्या मालकीची साखळी तपासताना दोन विक्री करारांतलं क्षेत्रफळ जुळत नसल्याचं माझ्या लक्षात आलं. तिमाही संपत आली होती आणि वरिष्ठांना कर्जवाटप हवं होतं. चूकदुरुस्तीचा दस्त नोंदवला जाईपर्यंत फाइल पुढे न पाठवण्याचं कारण मी त्यांना लेखी दिलं आणि ग्राहकाला रोज फोन करून कुठवर आलं ते सांगत राहिले. दस्त झाला, मग कर्ज गेलं.' यात कागदपत्रांची नजर आहे, दबावाखाली नाही म्हणण्याची हिंमत आहे आणि अशिलाला अंधारात न ठेवण्याची सवय आहे. घरखरेदीचं काम करणाऱ्या फर्मला याहून वेगळं काही नको असतं.

अशा सहा-सात घटना आधी मराठीत, जशा आठवतात तशा, वहीत लिहून काढा. मग प्रत्येक फॉर्मच्या प्रश्नाला त्यातली योग्य ती लावा. वीस वर्षांचा सगळा इतिहास ओतू नका. अडीचशे शब्दांत एकच घटना नीट बसते.

'कायदा का, आणि आताच का?' याचं उत्तर एका खऱ्या कारणावर उभं करा. 'लहानपणापासून स्वप्न होतं' म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, मग वीस वर्षं काय केलंत? त्यापेक्षा तुमच्या कामात कायद्याशी गाठ कुठे पडली ते सांगा, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत ते सांगा: संध्याकाळचा कोर्स, सल्ला केंद्रात स्वयंसेवा, एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये मागे बसून ऐकलेली सुनावणी. ट्रायब्युनल आणि कोर्टाच्या बहुतेक सुनावण्या कुणालाही बसून ऐकता येतात, त्यासाठी ओळख लागत नाही.

चाचणी आणि मुलाखत

बऱ्याच मोठ्या फर्म वॉटसन-ग्लेझर ही तर्कशक्तीची चाचणी घेतात. चाळीस प्रश्न, तीस मिनिटं. अनुभवी माणसं इथे एका विशिष्ट कारणाने घसरतात: उतारा वाचताना आपल्याला जगाबद्दल जे ठाऊक आहे ते त्यात मिसळतात. उत्तर फक्त समोरच्या उताऱ्यातून काढायचं. सराव चाचण्या देताना चुकलेल्या प्रत्येक उत्तराशी थांबा आणि हे मी बाहेरून आणलं का, ते तपासा.

गटचर्चेत सूत्रं हाती घेऊ नका. वर्षानुवर्षं टीम चालवलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो, आणि परीक्षक नेमकं तेच टिपतात. गप्प बसलेल्या मुलीला 'तुझं काय मत?' असं विचारणं, घड्याळाकडे लक्ष ठेवणं, शेवटी दोन वाक्यांत निष्कर्ष मांडणं, एवढं पुरे.

मुलाखतीत एक प्रश्न थेट किंवा आडून येणारच: तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असोसिएट (फर्ममधला पात्र वकील) तुमचा मसुदा लाल करून परत देईल, चालेल का? 'मला काहीच वाटणार नाही' हे उत्तर कुणाला पटत नाही. घडलेला प्रसंग सांगा. नव्या सॉफ्टवेअरसाठी तेवीस वर्षांच्या सहकाऱ्याकडून शिकलात, त्याने चूक दाखवली, तुम्ही ती कशी सुधारलीत. फोटोकॉपी, कोर्टासाठी कागदांची बंडलं लावणं, नोंदी घेणं ही कामंही करावी लागतील, हे तुम्हीच आधी बोलून दाखवा. थेट तुमचं वय, निवृत्तीचा बेत किंवा मुलं सांभाळायला कोण आहे असं विचारलं, तर शांतपणे 'या कामासाठी मी किती वेळ देऊ शकते, याबद्दल सांगते' म्हणून कामाकडे वळवा, आणि घरी येऊन प्रश्न शब्दशः, तारखेसह लिहून ठेवा. पुढे एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे जायची वेळ आली तर मुदत छोटी असते आणि आधी एकॅसशी (ACAS, नोकरीतल्या तंट्यांत तडजोड घडवणारी संस्था) संपर्क करावा लागतो.

होकार आल्यावर

सही करण्यापूर्वी करारातल्या चार गोष्टी वाचा. परीक्षेचा आणि कोर्सचा खर्च कोण देणार. पहिल्या प्रयत्नात नापास झालात तर जागा राहते का. मधेच सोडलंत तर दिलेले पैसे परत मागणार का, आणि किती. दोन वर्षांत कोणत्या विभागांत बसवणार, कारण बहुतेक ठिकाणी सहा-सहा महिन्यांचे चार टप्पे असतात आणि छोट्या फर्ममध्ये एकाच टेबलावर दोन वर्षं जाऊ शकतात. एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच लवचिक वेळ मागण्याचा हक्क आहे. ती मिळेलच असं नाही, पण आठवड्यातून दोन दिवस चार वाजता मुलांना शाळेतून आणायचं असेल तर ते होकार देतानाच बोला. मोठ्या वयाच्या ट्रेनीला फर्म ओळखतात आणि ठेवून घेतात ते अशाच स्पष्ट बोलण्यामुळे.